भीम नऊचाच राहो, पण माझी आजी?



गेल्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आमच्या वर्गापुढे मोठे भांडण झाले. विषय होता, छोटा भीम किती वर्षांचा? चौथीतला माझा भाऊ म्हणाला, "नऊचा." आमच्या वर्गातला एक मुलगा म्हणाला, "असा कसा गा नऊचा? मी पयलीत होतो तवाबी नऊचाच होता!" दोघेही खरे बोलत होते, म्हणून भांडण काही मिटेना. शेवटी गुरुजी म्हणाले, भांडता कशाला, भित्तिपत्रकासाठी लिहा. म्हणून हा लेख.

छोटा भीम २००८ साली टी.व्ही.वर आला. हैदराबादच्या राजीव चिलका यांच्या कंपनीने तो काढला. तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. आपल्या हिशोबाने २०२४ मध्ये त्याला पंचवीस पूर्ण झाली. म्हणजे ढोलकपुरात त्याच्या लग्नाची बोलणी चालू पाहिजेत. पण तो अजून लाडू खातो आणि कालियाशी कुस्ती खेळतो. उलट २०१९ मध्ये त्याच लोकांनी दुसरी मालिका काढली, तिच्यात तर भीम रांगता-दुडदुडता बाळ झाला. वय पुढे जायचे सोडून मागेच गेले.

जपानातली मंडळीही अशीच. शिनचॅन पाच वर्षांचा. त्याची चित्रकथा १९९० ची, टी.व्ही.वर तो १९९२ ला आला. मध्येच १९९६ साली त्याला बहीण झाली, ती हिमावारी. ती आजही पाळण्यातल्या बाळाएवढीच आहे. नोबिता चौथी-पाचवीच्या पुढे सरकत नाही (त्याचे गुण पाहता ते ठीकच आहे). आणि डोरेमॉनची तर गंमतच. त्याची जन्मतारीख ३ सप्टेंबर २११२ आहे. म्हणजे तो अजून जन्मलाच नाही!

आमच्यातले काही जण म्हणतात ही फसवणूक आहे. माझे मत तसे नाही. मी पहिलीत होते तेव्हा भीम मला दादासारखा वाटे. चौथीत आम्ही बरोबरीचे झालो. आता मी सातवीत आहे, पुढल्या वर्षी तालुक्याच्या शाळेत जाईन, आणि भीम माझ्या भावाच्या बरोबरीचा आहे. तो माझ्यासोबत मोठा झाला असता तर माझ्या भावाच्या वाट्याला कोण आले असते? दरवर्षी खालून नवी पोरे येतात, त्यांना नऊ वर्षांचा भीम पाहिजे. शिवाय चित्रातल्या मुलाला मिशा फुटत नाहीत. खरा मुलगा घेऊन मालिका काढली असती तर चार-पाच वर्षांत आवाज फुटला असता आणि काम थांबवावे लागले असते. म्हणून भीम खुशाल नऊचा राहो.

पण चित्रातले वय थांबले तर कोणाचे नुकसान होत नाही, कागदावरचे चुकले तर होते. हे मी घरी पाहिले, म्हणून सांगते.

माझ्या आजीच्या कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी १९६७ आहे. आजीला तारीख माहीत नव्हती. तिचे केस काळे, अंग सडपातळ, आजही रोवण्याला जाते, मोहफुले वेचते. कोणीतरी तिच्याकडे पाहून अंदाजाने वय सांगितले, तेच कागदावर चढले. श्रावणबाळ योजनेचे पैसे मिळायला ६५ वर्षे पूर्ण लागतात. कार्डाप्रमाणे आजीला ती २०३२ साली होतील. ती खेटे घालून दमली. दरवेळी उत्तर एकच, "आजी, तुमचं वय नाही झालं."

मग मी आजीला विचारले, तुला जुने काय आठवते? ती म्हणाली, "जिल्हा येगळा झाला तवा तुजा मोठबाबा पयलीत होता." गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला, हे आपल्याला पाठच आहे. मोठबाबांची टी.सी. पेटीत सापडली. तिच्यावर जन्म १ जून १९७६. (या गावात १ जूनला जन्मलेले किती आहेत, ते पालकांनी आपापसात मोजावे. तारीख त्या वेळच्या गुरुजींनीच घातली असणार.) पण साल फार चुकत नाही, कारण पहिलीतले पोर सहा वर्षांचेच असते.

आता गणित करा. १९७६ मधून १९६७ वजा करा. उरले नऊ. म्हणजे कार्ड खरे मानले तर मोठबाबा झाले तेव्हा आजी छोट्या भीमाएवढी होती! लग्नात ती सोळा-सतरा वर्षांची होती आणि दोन वर्षांनी मोठबाबा झाले, असे ती सांगते. तसे धरले तर तिचा जन्म १९५७-५८ च्या सुमाराचा. पासष्ट केव्हाच होऊन गेली.

ताडोबातला वाघडोह नावाचा वाघ मे २०२२ मध्ये मेला, तेव्हा तो सुमारे १७ वर्षांचा होता असे सर्वांनी सांगितले. वाघाचे वय माणसांना ठाऊक आणि आजीचे नाही, हे मला बरे वाटले नाही.

पालकांना एक विनंती आहे. जन्म झाल्यापासून २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद करायची असते, तसा १९६९ चा कायदा आहे. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या बाळांना तर शाळेत घालतानाही जन्माचा दाखलाच लागणार. घरात लहान बाळ असेल तर त्याचे नाव घालून या, आणि तारीख दोनदा वाचून पाहा.

येत्या सोमवारी बाबा मोठबाबांची टी.सी. घेऊन आजीबरोबर तालुक्याला जाणार आहेत. माझे गणितही वहीच्या पानावर लिहून दिले आहे. काल रात्री भाऊ टी.व्ही. पाहत होता, आजी बाजूला बसली होती. तिने विचारले, "हा पोरगा कितीचा होय गा?"

भाऊ म्हणाला, "नऊचा."

आजी म्हणाली, "त्याचा कागद कोनं लिवला?"

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी