आमच्या मीटरपट्टीवर शिक्का, सरकारच्या तराजूवर कोणाचा?

व्यापारी आणि कारागीर बांधवांनो, कापड दुकानदाराच्या मीटरपट्टीवर वजनमापे खात्याचा शिक्का नसेल तर दंड होतो, आणि तो व्हायलाच हवा. मापात मारणाऱ्यांविषयी कुरआन शरीफमध्ये सूरह मुतफ्फिफीन आहे. तिचे नावच त्या लोकांवरून पडले आहे. तेव्हा आपले माप कोणी तपासले तर आपण कुरकुर करण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळा आहे. सरकारी खाते नियम करते तेव्हा त्याचे ओझे कोणाच्या खांद्यावर किती पडणार, हे ते कोणत्या पट्टीने मोजते? आणि त्या पट्टीवर शिक्का कोणाचा?

उदाहरणासाठी लांब जायला नको. आपले पेण घ्या. पेण शहर, हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या भागातले गणपतीचे कारखाने सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. मूर्ती हा आपल्या श्रद्धेचा विषय नाही. पण बाजार एकच असतो. मूर्तीच्या फेट्याचे आणि धोतराचे कापड, जरीची किनार, रंग, पुठ्ठा, गवत, टेम्पोचे भाडे, हंगामी मजुराच्या घरचा किराणा असा तो पैसा फिरत फिरत सगळ्यांच्या गल्ल्यात येतो. गणपती विसर्जित झाले की पुढच्या वर्षाचे काम सुरू होते. म्हणजे माल आज बनतो, पैसा दहा-अकरा महिन्यांनी येतो आणि मधला काळ कर्जावर, उधारीवर निघतो.

या धंद्यावर नियम कसा आला ते पाहा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० साली मूर्ती विसर्जनाबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. १२ मे २०२० रोजी सुधारित सूचना आल्या आणि त्यांत प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना मनाई झाली. त्या वर्षी गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला होती. टाळेबंदी चालू, मूर्ती तयार, मुंबईचे गिऱ्हाईक घरात बसलेले, आणि वर ही सूचना! ओरड झाल्यावर दहा-बारा दिवसांत केंद्र सरकारने वर्षभराची सवलत दिली. पुढे प्रकरण कोर्टात गेले. ३० जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या सूचना काटेकोरपणे अमलात आणण्याचा आदेश दिला. तोवर पुढच्या ऑगस्टसाठीचा माल कारखान्यांत अर्धाअधिक उभा होता. राज्य सरकारने डॉ. अनिल काकोडकर अध्यक्ष असलेल्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाला अभ्यास करायला सांगितले. शेवटी ९ जून २०२५ रोजी कोर्टाने मूर्ती बनवायला आणि विकायला मोकळीक दिली. आधार कशाचा? केंद्रीय मंडळाच्याच तज्ज्ञांनी म्हटले की अडचण नैसर्गिक पाण्यात विसर्जन करण्याची आहे, बनवण्याची नाही. २४ जुलैला कोर्टाने सहा फुटांपर्यंतच्या मूर्तींचे विसर्जन कृत्रिम तलावातच करावे असे ठरवून दिले. ही व्यवस्था मार्च २०२६ पर्यंतची होती.

बनवणे वेगळे आणि बुडवणे वेगळे. एवढी साधी गोष्ट स्पष्ट व्हायला मे २०२० ते जून २०२५ अशी पाच वर्षे लागली. या पाच वर्षांत कारखानदाराने साचे बदलावेत की नाही, शाडू भरून ठेवावी की नाही, मुंबईच्या दुकानदाराकडून आगाऊ रक्कम घ्यावी की नाही, कशाचाच भरवसा नव्हता. शाडूची माती मुख्यतः गुजरातेतून येते. ती जड, वाळायला वेळ लावणारी. ओल्या हवेत मूर्तीला तडा जातो आणि टेम्पोत धक्का लागला तर हात तुटतो. प्लास्टर हलके, साच्यातून लगेच सुटणारे. एका कारागिराच्या हातून दिवसाला किती नग निघतात, यावर त्याची मजुरी ठरते. हे सगळे मोजता येण्यासारखे आहे. हमरापुरात चार दिवस बसले तर कळेल असे आहे. फेब्रुवारी ते मे २०२५ या चार महिन्यांत कारखान्यांकडे कामाला जाणाऱ्या घरांनी आमच्याकडची खरेदी आखडती घेतली आणि जुनी उधारी पुढे ढकलली. हा आकडा कोणत्याही सरकारी कागदावर नाही, फक्त खातेवहीत आहे.

कोणी असे समजू नये की नियमच नकोत असे मी म्हणतो आहे. भोगावती आणि कुंडलिका या आपल्याच नद्या आहेत. धाटावच्या रसायनांच्या कारखान्यांजवळ राहणाऱ्या रोहेकराला पाण्याची किंमत शिकवावी लागत नाही. आणि नियम झोपला की लहान माणूस कसा मरतो, हे पेणला २०१० साली पेण अर्बन बँकेचे व्यवहार रिझर्व्ह बँकेने थांबवले तेव्हा कळले. तिथे नियम वेळेवर जागा असता तर बरे झाले असते. तक्रार नियम असण्याची नाही, तोलण्याची आहे. नदीच्या पारड्यात वजन टाकले तर कारागिराच्या पारड्यातही टाका, मग काटा कुठे जातो ते पाहून तारीख ठरवा. तशी तारीख चतुर्थीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होईल, ऐन हंगामात नाही.

आता आपल्या कापडाकडे येऊ. १९५७ च्या कायद्याने कापड, साखर आणि तंबाखू या तीन वस्तूंवर विक्रीकराऐवजी जादा उत्पादन शुल्क लावले आणि ते कारखान्याच्या दारातच वसूल होऊ लागले. म्हणून ताग्याचे कापड विकणाऱ्या दुकानदाराच्या दोन पिढ्यांना विक्रीकराच्या कचेरीची पायरी फारशी चढावी लागली नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि एका रात्रीत ही जुनी घडी मोडली. सुरतचा कापडबाजार अनेक दिवस बंद राहिला. मग ऑक्टोबर २०१७ मध्ये जीएसटी परिषदेने दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीला तिमाही विवरणपत्राची मुभा दिली. एप्रिल २०१९ पासून माल विकणाऱ्यांसाठी नोंदणीची मर्यादा ४० लाख झाली. सवलती चांगल्याच आहेत, पण क्रम पाहा. आधी नियम, मग बंद, मग सवलत. तोलायचे काम नियमाच्या आधी व्हायला हवे होते.

२०२१ मध्ये पुन्हा तेच झाले. १८ नोव्हेंबरला अधिसूचना निघाली की १ जानेवारी २०२२ पासून कापड आणि तयार कपड्यांवर ५ ऐवजी १२ टक्के. दुकानदारांनी लेबले बदलायला घेतली, ठोकवाल्यांनी जुन्या दराचा माल घाईने काढला. ३१ डिसेंबरला, म्हणजे आदल्या दिवशी, परिषदेने निर्णय स्थगित केला. सप्टेंबर २०२५ च्या फेरबदलात २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर ५ टक्के ठरले, त्यावरच्यांवर १८ झाले. रोजच्या कपड्याच्या दुकानदाराला त्यात दिलासा आहे. पण लगीनसराईची शेरवानी आणि घागरा २,५०० च्या आत कुठे बसतो? २,४९० चा नग आणि २,६०० चा नग यांत गिऱ्हाइकाला करासकट साडेचारशेहून अधिक रुपयांचा फरक पडतो. आणि जरीकाम करणाऱ्या कारागिराची मजुरी नेमकी त्या वरच्या नगात असते.

सगळ्यात बोलके उदाहरण ४५ दिवसांच्या नियमाचे. हेतू नेक होता. लहान कारखानदाराचे पैसे मोठे खरेदीदार महिनोन्‌महिने दाबून ठेवतात, म्हणून २००६ च्या एमएसएमई कायद्याने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५ दिवस अशी मुदत घातली. ती कागदावरच राहिली, म्हणून २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात कलम ४३ब मध्ये नवे पोटकलम आले आणि १ एप्रिल २०२४ पासून ते लागू झाले. मुदतीत पैसे दिले नाहीत, तर ते देईपर्यंत त्या खरेदीचा खर्च धरला जाणार नाही. आता कापडबाजाराची रीत पाहा. भिवंडी-सुरतेपासून रोह्याच्या दुकानापर्यंत ९० दिवस, १२० दिवस उधारी चालते. कारण शेवटचे गिऱ्हाईक भाताच्या झोडणीनंतर, नाहीतर आखातातून मुलाचा पैसा आल्यावर देते. ठोकवाला आमच्यावर ४५ दिवसांचा तगादा लावू शकत नाही आणि स्वतः मात्र ४५ दिवसांत बांधला गेला. २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये काय झाले? खरेदीदारांनी माल परत केला, ऑर्डरी थांबवल्या, काहींनी लहान उत्पादकांना सांगितले की तुमची उद्यम नोंदणी रद्द करा, नाहीतर आम्ही दुसरीकडून घेतो. ज्याच्या संरक्षणासाठी नियम केला, त्यालाच नोंदणी लपवावीशी वाटली. वर आणखी एक गंमत अशी की व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती फक्त बँकांच्या अग्रक्रम कर्जापुरती. आपले पैसे थकले तर हे ४५ दिवस आपल्या कामाचे नाहीत.

मुंबईतल्या बेकरीवाल्या बांधवांची गोष्टही याच माळेतली. ९ जानेवारी २०२५ रोजी उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्या बदलण्याची मुदत वर्षावरून सहा महिन्यांवर आणली. मुंबईची हवा वाईट आहे, हे खरे. पण पावाचा भाव दोन रुपयांनी वाढवताना दहा वेळा विचार करणाऱ्या माणसाने नवी भट्टी, जोडणी आणि जागेची परवानगी सहा महिन्यांत कशी उभी करायची?

लहान माणसावर नियम जड का पडतो, याचे गणित अवघड नाही. समजा एका दुकानाची उलाढाल ६० लाख, निव्वळ नफा ६ टक्के, म्हणजे ३ लाख ६० हजार. हिशेबनीस आणि विवरणपत्रे यांवर वर्षाला १८ हजार जातात. नफ्याचे ५ टक्के झाले. वर्षातले १८ दिवस तो फक्त कागदासाठी दुकान उघडतो. दुसऱ्याची उलाढाल ३० कोटी, नफा त्याच दराने १ कोटी ८० लाख, हिशेबावर खर्च ३ लाख. त्याचे ६ दिवस जातात. नियम दोघांना सारखाच, वजन तिप्पट. आणि सरकारच्या व्याख्येत हे दोघे फार लांब नाहीत: १ एप्रिल २०२५ पासून १० कोटींपर्यंतची उलाढाल सूक्ष्म आणि १०० कोटींपर्यंतची लघु. ‘लहान उद्योगांशी चर्चा केली’ असे सरकार म्हणते, तेव्हा चर्चेला कोण गेले होते हे यावरून ओळखावे.

अमेरिकेत १९८० पासून ‘रेग्युलेटरी फ्लेक्सिबिलिटी अ‍ॅक्ट’ नावाचा कायदा आहे. लहान धंद्यांवर लक्षणीय परिणाम करणारा नियम करायचा तर खात्याला तो परिणाम लिहून जाहीर करावा लागतो, कमी जाचाचा दुसरा मार्ग होता का तेही सांगावे लागते. १९९६ पासून लहान धंदेवाईकाला त्यावरून कोर्टातही जाता येते. तिथे सगळे सुरळीत आहे असे नाही, पण कागद तरी मागता येतो. आपल्याकडे २०१३ मध्ये दामोदरन समितीने असे मोजमाप करावे म्हणून शिफारस केली. २०१४ मध्ये केंद्र सरकारने धोरण ठरवले की कायद्याचा किंवा नियमाचा मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवावा आणि लोकांच्या जीवनावर व उपजीविकेवर काय परिणाम होईल याचा अंदाज सोबत द्यावा. हे धोरण आहे, कायदा नाही. पाळले नाही म्हणून नियम रद्द होत नाही. शिवाय मसुदा निघतो बहुधा इंग्रजीत. आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्यांचे ३० दिवस त्याचा अर्थ लावण्यातच जातात.

पण तोलणे जमत नाही, असे नाही. जून २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने ई-वे बिलाबाबत ठरवले की जॉबवर्कसाठी ५० किलोमीटरच्या आत जाणारे सूत, कापड आणि तयार कपडे यांना ते लागणार नाही, किंमत कितीही असो. मागावरून सायझिंगला, तिथून प्रोसेसला, तिथून शिलाईला असा माल दिवसभर हिंडतो, हे कोणीतरी पाहिले म्हणून हा नियम अंगाला बसला. खाद्यपदार्थांच्या २०११ च्या नियमांतही १२ लाखांपर्यंतच्या धंद्याला परवान्याऐवजी वर्षाला १०० रुपयांची नोंदणी ठेवली होती. पेणच्या पापडवाल्या बायांना तेवढे झेपते.

तेव्हा मागायचे ते नेमके मागावे. राज्य सरकारच्या प्रत्येक मसुद्याला मराठीत एक पान जोडलेले असावे: किती धंदे सापडतील, त्यांतले १० पेक्षा कमी माणसांचे किती, पहिल्या वर्षी प्रत्येकाला खर्च किती, आणि तारीख कोणत्या हंगामात पडते. जिल्ह्यात हे पान भरून घेण्याचे काम अलिबागच्या जिल्हा उद्योग केंद्राला देता येईल. पण केंद्र आकडे आणणार कुठून? ते आपल्यालाच द्यावे लागतील. कारखानदारांनी नगांचे आणि मजुरीचे, टेम्पोवाल्यांनी फेऱ्यांचे, रंगवाल्यांनी डब्यांचे. पेण आणि रोहा दोन्हीकडच्या कापडवाल्यांनी फेब्रुवारी ते मे २०२५ ची खातेवही बाजूला काढून ठेवावी. कोणाची उधारी किती दिवस लांबली ते तिच्यात तारखेनिशी आहे.