बाजार मोकळा, माणूस बंदिस्त

सरकारने भाव ठरवू नयेत, कारखानदारीत नाक खुपसू नये, असे म्हणणारी माणसे गुन्हेगाराचा विषय निघाला की एकदम सरकारभक्त होतात. मग हेच सरकार त्यांना पुरेसे कडक वाटत नाही. मला हे कोडे नेहमी छळते.

अमेरिकेकडे पाहा. सरकारचा पसारा आवरण्याचे वचन देऊन रोनाल्ड रेगन १९८१ साली अध्यक्ष झाले. प्राप्तिकराचे दर उतरले. पण १९८६ च्या कायद्याने अवघ्या ५ ग्रॅम क्रॅक कोकेनच्या विक्रीला किमान ५ वर्षे कैद सक्तीची केली. भुकटीच्या कोकेनला हीच शिक्षा व्हायला ५०० ग्रॅम लागत. क्रॅकच्या खटल्यांत शिक्षा झालेले बहुतेक कृष्णवर्णीय होते. १९७० मध्ये तिथल्या राज्यांच्या आणि संघराज्याच्या तुरुंगांत सुमारे २ लाख कैदी होते. २००९ मध्ये १६ लाख! कॅलिफोर्नियात तर आधीचे गुन्हे नावावर असलेल्या एकाला गोल्फच्या तीन काठ्या चोरल्याबद्दल २५ वर्षे ते जन्मठेप झाली आणि २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली.

गुन्हे वाढले होते, हे खरे. कडक शिक्षांमुळे ते काही अंशी उतरलेही असतील. पण तेवढ्याने गोल्फच्या काठ्यांचा हिशेब जुळत नाही.

मला वाटते, मूळ विचारातच गोम आहे. बाजार स्वभावतःच न्यायी मानला, की त्यात मागे पडलेला माणूस स्वतःच्याच दोषाने मागे पडलेला ठरतो. त्याला हात देणे हे सरकारचे काम उरत नाही. उरते ते फक्त शिक्षा करणे. गंमत अशी, की गुन्ह्याकडे नफा-तोट्याच्या नजरेने पाहणाऱ्या गॅरी बेकर या शिकागोच्या अर्थतज्ज्ञाने १९६८ सालीच शक्य तिथे कैदेपेक्षा दंड बरा, असे मांडले होते.

आपल्याकडे २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ४२ कायद्यांतील १८३ तरतुदींतला फौजदारी जाच कमी केला. व्यावसायिकाला किरकोळ चुकीसाठी तुरुंग नको, हे मला मनापासून पटते. पण २०२२ अखेर आपल्या तुरुंगांतले चारपैकी तीन कैदी कच्चे होते, म्हणजे गुन्हा अजून शाबीत न झालेले. त्यांतले कित्येक केवळ जामिनाचे पैसे नाहीत म्हणून आत राहतात. व्यावसायिकाला दाखवलेला विश्वास त्यांच्या वाट्याला का येऊ नये?