पाखरांचे मुडदे मोजले. माणसांचे कोण मोजणार?

कपाशीवर फवारणी झाली की दुसऱ्या दिवशी धुऱ्यावर एखादा कोतवाल, एखादा गायबगळा मरून पडलेला आपण सगळ्यांनी पाहिला आहे. पायाने बाजूला सारतो आणि कामाला लागतो. पाखरांबद्दल आपल्याला फार माया असण्याचे कारणही नाही. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभे राहून, गोफण फिरवून ज्यांच्यापासून कणसे राखायची, त्यांच्यासाठी शेतकऱ्याने रडावे असे आम्ही म्हणणार नाही. शहरातल्या पक्षीप्रेमींचा उपदेशही आम्हाला नको. पण त्या मेलेल्या पाखराकडे एकदा नीट पाहायला हवे. ते आपल्याच विषयी काही सांगत असते.

अर्जेंटिनातली हकीकत ऐका. स्वेन्सन नावाचा, घारीच्या जातकुळीतला एक शिकारी पक्षी उन्हाळ्यात उत्तर अमेरिकेत राहतो आणि तिकडे थंडी पडली की हजारो कोस उडून अर्जेंटिनात उतरतो. तिथे त्याचे खाणे म्हणजे नाकतोडे. म्हणजे तो शेतकऱ्याचा बिनपगारी गडीच. १९९० नंतरच्या काही वर्षांत उत्तरेकडे परतणारे पक्षी कमी दिसू लागले. शास्त्रज्ञांनी काही पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी छोटी यंत्रे बांधली आणि त्यांचा माग काढत ते १९९५ साली ला पाम्पा प्रांतात पोहोचले. सूर्यफूल आणि लसूणघासाच्या शेतांत पक्ष्यांचा सडा पडला होता. १९९५-९६ च्या हंगामात पाच हजारांहून जास्त मेलेले पक्षी प्रत्यक्ष मोजले गेले. एकूण आकडा वीस हजारांच्या घरात असावा, असा अंदाज निघाला. प्रयोगशाळेत तपासणी झाली आणि गुन्हेगार सापडला. त्याचे नाव मोनोक्रोटोफॉस.

हे नाव कपाशीवाल्याला नवे नाही. उधारीवर, बिलाशिवाय, कृषी सेवा केंद्रातून आपणही ते वर्षानुवर्षे आणले.

पुढे काय झाले? शास्त्रज्ञ, सरकार आणि कंपनी एकत्र बसले. नाकतोड्यांवर आणि लसूणघासावर हे औषध मारायला बंदी झाली, दुकानांतला माल परत घेतला गेला, शेतकऱ्यांना दुसरा उपाय दाखवला गेला. पुढच्याच हंगामात मेलेले पक्षी मोजकेच सापडले.

आता आपल्याकडे या. अमेरिकेत हे औषध १९८८ सालीच बाजारातून गेले होते. भारतात २००५ साली फक्त भाजीपाल्यावर बंदी आली. कपाशीवर चालूच राहिले. २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेने याच औषधाच्या भारतातील वापरावर धोक्याचा अहवाल दिला. २०१३ साली बिहारात शाळेच्या जेवणात ते मिसळले गेले आणि २३ मुले गेली. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती. त्यात फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात पडले. चौकशीत जी औषधे पुढे आली, त्यांत हेही होते. तरी बंदीचा आदेश निघायला २०२३ साल उजाडले, आणि तेव्हाही शिल्लक माल खपवायला मुभा ठेवली गेली.

यवतमाळच्या वेळी सांगितले काय गेले? शेतकऱ्याने हातमोजे घातले नाहीत, तोंडाला फडके बांधले नाही. म्हणजे मेला तोच दोषी! पाखराने कोणते हातमोजे घालायचे होते?

हे विष नसांच्या कामाला लागणारा एक घटक बंद पाडते. तो घटक पाखरात आहे, बैलात आहे, पंप पाठीवर घेणाऱ्या माणसात आहे आणि डोक्यावरून पाणी आणून देणाऱ्या बाईतही आहे. पाखरू आधी पडते, एवढाच फरक. अर्जेंटिनात मेलेल्या पक्ष्यांच्या मेंदूत हा घटक किती उरला ते मोजले गेले. आपल्याकडे विषबाधा झालेल्या कित्येक माणसांच्या रक्तात तो मोजलाच गेला नाही.

आम्ही औषधांच्या विरोधात नाही. बोंडअळीने पीक खाल्ले तर कर्ज कोण फेडणार? चांगले तंत्रज्ञान वापरायचे स्वातंत्र्य शेतकऱ्याला हवेच. पण जे विष दुसऱ्या देशांनी टाकून दिले ते काही न सांगता आपल्या गळ्यात मारणे, हे स्वातंत्र्य नव्हे.

म्हणून या बैठकीत तीन ठराव व्हावेत. फवारणीच्या हंगामात प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ही रक्ततपासणी आणि अ‍ॅट्रोपिनची इंजेक्शने असलीच पाहिजेत. विक्रेत्याने प्रत्येक डब्याचे पक्के बिल दिलेच पाहिजे. आणि शेतात पाखरे मेली तर कृषी खात्याने ती तपासून कारण गावात जाहीर केले पाहिजे.

तोवर एवढे करू. धुऱ्यावर मेलेले पाखरू दिसले तर ते लाथेने सारायचे नाही. काल पंपात काय भरले होते ते आठवायचे, डब्याचे नाव लिहून ठेवायचे आणि शेजाऱ्याला सांगायचे. पुढचा नंबर आपला असतो.