इंजिन उतरवताना दुसरा माणूस कशाला?

चेन कप्पी हाताशी असली की मोटारीचे इंजिन एकटा माणूस घरच्या घरी उतरवू शकतो, हे खरे आहे. एक टनाच्या कप्पीची साखळी ओढायला पैलवान लागत नाही, हात सोडला तरी आतला ब्रेक ओझे जागच्या जागी धरतो, आणि लहान मोटारीचे चार सिलिंडरचे इंजिन गिअरबॉक्ससकट साधारण दीडशे किलो भरते. कप्पीच्या हिशेबाने ते किरकोळच. स्वतःची गाडी स्वतः उघडणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. सुटे भाग आणि तपासणीची साधने खुल्या बाजारात मिळू देत नाहीत म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने 2014 साली 14 मोटार कंपन्यांना दंड ठोठावला होता. गाडी आपली असेल तर ती उघडण्याची मुभाही आपल्याला हवी, हा आग्रह रास्तच आहे. पण ‘जोर लागत नाही, मग सोबत कशाला’ असा जो निष्कर्ष पुढे काढला जातो, तो साफ चुकीचा आहे. कप्पीने दुसऱ्या माणसाच्या दंडाचे काम आपल्याकडे घेतले. त्याच्या डोळ्यांचे काम तसेच शिल्लक आहे.

माउंटिंगचा शेवटचा बोल्ट निघतो तो क्षण पाहा. तोवर गाडीच्या सांगाड्यावर टेकलेले ओझे एकदम साखळीवर येते. इंजिन झोल खाते, जड बाजू खाली झुकते आणि सगळा ऐवज फिरून फायरवॉलकडे सरकतो. एकट्या माणसाचा एक हात साखळीवर असतो, दुसरा इंजिन सावरायला गुंतलेला, नजर समोरच्या अंगाला. मागच्या बाजूला सोडायची राहून गेलेली अर्थिंगची पट्टी ताणली जात असते, किंवा एखाद्या सेन्सरचा कपलर अख्खे वायरिंग ओढत असतो. ते त्याला दिसत नाही. साखळी जरा जड झाली एवढेच त्याच्या हाताला कळते, आणि जड झाली म्हणून तो आणखी जोराने ओढतो. मग अडकलेले सुटते आणि टांगलेले इंजिन झटक्याने त्याच्याच अंगावर येते. बाजूला उभा असलेला कुणीही, ज्याने जन्मात पाना हातात धरलेला नाही असा माणूससुद्धा, त्याआधी ‘थांब’ म्हणू शकला असता.

हिशेब फसतो त्या जागाही अशा लांबूनच दिसतात. इंजिनाच्या दोन टोकांना साखळी बांधून मधोमध हुक अडकवला की दोन फाट्यांमध्ये कोन तयार होतो. फाटे सरळ उभे असतील तर 150 किलोचे ओझे 75-75 असे वाटले जाते. तोच कोन 120 अंशांचा झाला, तर प्रत्येक फाट्यावर पुरता 150 किलोचा ताण येतो. ओझे तेवढेच, साखळी तीच. वर कप्पी कशाला टांगली आहे, हा आणखी वेगळा प्रश्न. झोपाळ्याच्या कडीने वर्षानुवर्षे माणसे झुलवली असतील, पण स्लॅबच्या आत तिचा गज किती गेला आहे आणि कसा वळवला आहे, हे बाहेरून कळत नाही. कळते ते कडीभोवतीचा गिलावा भुरभुरू लागल्यावर, आणि तेव्हा साखळी ओढणाऱ्याचे डोळे खाली इंजिनावर असतात. अर्ध्या मीटरवरून सुटलेली वस्तू सेकंदाच्या साधारण तिसऱ्या हिश्शात जमिनीवर पोहोचते. तेवढ्यात हात मागे घेणे कुणाच्याही हातात नाही. वाचायचे तर आधीच कळायला हवे.

बांधकामावरची क्रेन पाहिली तर हे चटकन पटेल. तिथे यंत्राला माणसाच्या ताकदीची गरज शून्य. तरीही ओझ्यावर नजर ठेवून इशारे देणारा माणूस वेगळा नेमलेला असतो आणि ऑपरेटर त्याच्याच इशाऱ्यावर चालतो. ‘थांबा’ हा इशारा मात्र कुणीही दिला तरी पाळायचा असतो. ‘गॅरेजात मिस्त्री एकटाच तर इंजिन उतरवतो’ असे कुणी म्हणेल. तो एकटा कधीच नसतो. हाकेच्या अंतरावर एखादा पोरगा असतो, शेजारच्या गाडीखाली दुसरा मिस्त्री असतो, आणि आवाज बदलला की दोघांच्याही माना वळतात. शिवाय आजच्या अनेक गाड्यांत इंजिन खालच्या बाजूने काढतात. तेव्हा इंजिन खाली टेकवून वर उचलावी लागते ती अख्खी गाडी. हे काम घरी एकट्याने करणे म्हणजे जिवाशी खेळ, यात मला शंका नाही.

दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे: अडाणी मदतनीस एकट्यापेक्षाही धोक्याचा. नको तिथे बोटे घालतो, उत्साहाने इंजिनाखाली वाकतो. खरे आहे, आणि म्हणूनच त्याला मदतनीस समजू नये. त्याने कशाला हात लावायचा नाही. दोन-तीन हात लांब उभे राहायचे, मागची बाजू आणि वरची कडी बघायची, शंका आली की ओरडायचे, खिशात फोन ठेवायचा. महाराष्ट्रात 108 ची रुग्णवाहिका आहे, पण ती बोलवायला कुणीतरी शुद्धीवर आणि मोकळे असावे लागते. छातीवर ओझे येऊन श्वास कोंडला तर हाती चार-पाच मिनिटे असतात, आणि बंद दाराच्या पार्किंगमध्ये ती कुणालाही ऐकू न जाता सरतात.

‘माणूस मिळतच नाही’ ही अडचण शहरात खरीच आहे. पण किती वेळासाठी हवा ते पाहा. बॅटरी काढणे, इंजेक्शनच्या पेट्रोल लाइनमधला दाब उतरवणे, कूलंट काढून घेणे, एकेका कपलरला चिठ्ठी लावणे, गंजलेल्या बोल्टांशी झटणे, यातच दोन-तीन दिवस जातात आणि ते एकट्याने निवांत करता येते. प्रत्यक्ष उचलणे अर्ध्या-पाऊण तासाचे. तेवढ्यापुरता शेजारच्या काकांना, कॉलेजातल्या भाचीला किंवा ड्यूटी संपलेल्या वॉचमनला चहाला बोलावता येते. कुणीच येणार नसेल, तर शेवटचा बोल्ट रविवारपर्यंत तसाच राहू द्यावा. माउंटिंगवर बसलेले इंजिन आठवडाभर तिथेच बसून राहते.