संसारोपयोगी विचार : स्वस्त फुल-फ्रेम कॅमेऱ्याचे दोष

वस्तूचे गुण विकणारा आपण होऊन सांगतो. तिचे दोष मात्र घेणारास स्वतःच हुडकावे लागतात. एकत्र कुटुंबांत हें काम अधिकच जबाबदारीचें, कारण पैसा सामाईक तिजोरींतून जातो आणि वस्तु लहानथोर सर्वांच्या हातीं पडते. घरांत मुंज अगर लग्न ठरलें कीं आतां चांगला कॅमेरा घ्यावा अशी टूम तरुण मंडळींकडून निघते, आणि 'घ्यावयाचा तर फुल-फ्रेमच' असा आग्रहहि तिच्याबरोबर येतो. हा आग्रह कितपत मानावा याचा विचार आज करूं.

प्रथम शब्दांचा अर्थ पाहूं. ऑस्कर बर्नाक यांनीं जर्मनींत रचलेला लायका कॅमेरा १९२५ सालीं विक्रीस आला. चित्रपटाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म त्यांत आडवी वापरली होती, आणि त्यामुळें ३६ बाय २४ मिलिमीटर हें चित्राचें माप रूढ झालें. आज फिल्मच्या जागीं सेन्सर आला आहे. त्याचें माप तेंच असलें म्हणजे कॅमेरा फुल-फ्रेम. हौशी लोकांच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत सेन्सरचें क्षेत्रफळ याच्या सुमारें दोन-पंचमांश असतें. क्षेत्र मोठें तर गोळा होणारा प्रकाशहि अधिक, आणि म्हणून अंधुक जागीं चित्र कमी रवाळ येतें. मिररलेस म्हणजे आंतील आरसा काढून टाकलेला कॅमेरा. यांत डोळा लावून जें दिसतें तें विजेवर चालणाऱ्या चिमुकल्या पडद्यावरचें चित्र असतें.

या वर्गाचा नमुना म्हणून कॅननचा ईओएस आरपी घेऊं. तो फेब्रुवारी २०१९ मध्यें जाहीर झाला तेव्हां अमेरिकेंत नुसत्या कॅमेऱ्याची किंमत १२९९ डॉलर होती, आणि बॅटरी व कार्ड धरून वजन अवघें ४८५ ग्रॅम. जाणकारांनीं त्याचे दोष लागलींच मोजले. ४के चलचित्र घेतांना सेन्सरचा केवळ मधला भाग उपयोगांत येतो. सेकंदाला फार तर पांच चित्रें निघतात. एकदां भरलेली बॅटरी प्रमाणित चाचणींत सुमारें २५० चित्रें पुरते. मेमरी कार्डाला खांच एकच. आणि हाताचा कंप सांवरण्याची योजना कॅमेऱ्याच्या अंगांत नाहीं.

यादी लांब आहे खरी. परंतु दोष मोजावयाचे नसतात, तोलावयाचे असतात, आणि तराजू ज्याच्या त्याच्या घरचा असतो. पहिले दोन दोष क्रिकेटचे सामने टिपणाऱ्यास अगर चलचित्रें करणाऱ्यास जाचतील. आजोबांच्या मांडीवर बसलेल्या नातवाचें चित्र काढण्यास सेकंदाला पांच चित्रें विपुल झालीं. उरलेले तीन दोष मात्र नेमके घरांतच बोंचतात.

बॅटरीचें पाहा. विजेच्या पडद्यांतून नुसतें पाहत राहिलें तरी वीज खर्च होते. पहाटे देवकस्थापनेपासून कॅमेरा हातीं धरला, तर मातृभोजन आटोपून अंतरपाट धरण्याच्या सुमारास तो निजावयाचा! याला उपाय सोपा आहे : भरलेल्या दोन जादा बॅटऱ्या. त्यांची किंमत पहिल्याच दिवशीं हिशेबांत धरावी.

कंपाचा दोष याहून सूक्ष्म आहे. देवघरांत समईच्या उजेडांत जपास बसलेल्या आजीचें चित्र घ्यावयाचें तर प्रकाशासाठीं झांप अधिक वेळ उघडी ठेवावी लागते, आणि तेवढ्यांत हात हालला कीं चित्र पुसट होतें. कंप सांवरणारी योजना येथें फार उपयोगी पडते. धांवतें मूल मात्र तिच्यानेंहि स्थिर होत नाहीं, हें ध्यानांत असावें. कांहीं लेन्समध्यें, म्हणजे भिंगांत, ही योजना असते, कांहींत नसते. तें विचारून घ्यावें.

सर्वांत भारी दोष एका खांचेचा. दोन खांचांच्या कॅमेऱ्यांत प्रत्येक चित्राच्या दोन प्रती त्याच क्षणीं होऊं शकतात. एकच कार्ड असेल आणि तेंच बिघडलें, तर मुंजीचा सबंध दिवस गेला. मुंज पुन्हां होत नाहीं, आणि त्या दिवशीं पंगतीला बसलेलीं सगळीं वडील माणसें पुढील कार्यास असतीलच असें कोण म्हणेल? म्हणून असा कॅमेरा घेतलाच, तर त्याच रात्रीं चित्रें दोन ठिकाणीं उतरवून ठेवण्याचें काम घरांतील एका माणसाकडे नांवानिशीं सोंपवावें.

याच कंपनीनें २०२३ मध्यें १४९९ डॉलरचा आर८ काढला. ४के चित्राची काटछांट गेली, वेग वाढला. बॅटरी त्याच जातीची, खांच एकच, कंपाची योजना नाहींच! जाहिरातींत उठून दिसणारे दोष गेले, घरांत बोंचणारे राहिले. उलट निकॉनच्या २०२० च्या झेड५ मध्यें १३९९ डॉलरांत दोन खांचा व कंप सांवरण्याची योजना होती. मात्र वजन ६७५ ग्रॅम, वेग कमी, आणि ४के चित्राची काटछांट तेथेंहि होती. किंमत उतरवावयाची तर कांहींतरी गाळावें लागतेंच. आपल्याला न लागणारें कोणीं गाळलें आहे, तें आपण पाहावें.

आतां यादींत न दिसणारा खर्च. स्वस्त कॅमेऱ्याबरोबर बहुधा स्वस्त भिंग घेतलें जातें. कॅननचें २४ ते १०५ मिलिमीटरचें साधें भिंग लांब टोकाला एफ ७.१ इतकेंच उघडतें. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याचें साधें भिंग पुष्कळदां ५.६ पर्यंत उघडतें. हा आंकडा वाढला कीं प्रकाश घटतो. हिशेब मांडला तर मोठ्या सेन्सरनें मिळविलेल्या अडीचपट लाभांतून जेमतेम दीडपट हातीं उरतो. बाकीचा भिंगानें गिळला! याउलट त्याच कंपनीचें ५० मिलिमीटरचें, एफ १.८ उघडणारें १६० ग्रॅमचें लहानसें भिंग ७.१ च्या मानानें पंधरापट प्रकाश आंत घेतें. त्यांत कंपाची योजना नाहीं आणि दूरचें जवळ आणतां येत नाहीं. पण देवघरांत व माजघरांत तें खरें कामाचें.

तेव्हां आमचें सांगणें एवढेंच : कॅमेरा, भिंग, दोन बॅटऱ्या व चित्रें सांठविण्याची सोय, या सर्वांची एकत्र बेरीज आधीं करावी. ती आटोक्यांत असेल तर फुल-फ्रेम खुशाल घ्यावा. घरांत कॅननचीं जुनीं ईएफ भिंगें असतील तर जोडकडें लावून तींहि या कॅमेऱ्यास चालतात, आणि मग खर्च पुष्कळच हलका होतो. बेरीज ताणूनहि जमत नसेल, तर लहान सेन्सरचा कॅमेरा व चांगलें भिंग ही जोडी अधिक शहाणपणाची. आणि मुंजीलग्नापुरतेंच काम असेल तर जाणता छायाचित्रकार बोलवावा. घरचा मुलगा त्या दिवशीं कॅमेऱ्यामागें अडकून न राहतां आपल्या माणसांत बसेल, आणि चित्रांत तोहि दिसेल.