डोरली : औषध किती, समजूत किती?



वरंध घाटाच्या पायथ्याशी, नाचणीच्या वरकस जमिनीच्या कडेला एक काटेरी झुडूप दिसते. कमरेएवढी उंची, वांग्यासारखी पाने, जांभळी फुले आणि पिकल्यावर केशरी होणारी बारीक फळे. हीच डोरली, कोणी तिला चिंचुर्डी म्हणतात. ही वांग्याच्याच कुळातली.

आयुर्वेदात हिचे नाव बृहती. सालवण, पिठवण, रिंगणी आणि गोखरू यांच्याबरोबर हिचे मूळ दशमुळात पडते. खोकला व दम्यावरच्या काढ्यातही ते घालतात. आफ्रिकेतल्या युगांडा देशात हिची बहीण ‘कटुंकुमा’ नावाने बाजारात येते. तिची कडू फळे तिथले लोक रक्तदाबावर गुणकारी समजून खातात. मात्र या कुळातल्या कित्येक झाडांच्या कच्च्या फळांत विषारी द्रव्ये असतात. म्हणून मात्रा वैद्यानेच ठरवावी आणि मुलांना ही फळे चाखू देऊ नयेत. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ती असल्या फळांच्या भरवशावर सोडू नये.

आता दाढदुखीची गोष्ट. एका वाडीवर दाढ सुजलेल्या गड्याला डोरलीच्या बियांची धुरी देत होते. पाण्याच्या परातीत पणती, तिच्यात निखारा आणि त्यावर तुपात माखलेल्या बिया. गड्याने वाकून तोंडात धूर घेतला. परातीत पांढरे बारीक ‘किडे’ दिसले. “दाढेतला किडा पडला!” सगळे म्हणाले.

मी म्हटले, “आजोबा, आता कुणीही तोंड न लावता बिया टाका बघू.” आजोबांनी टाकल्या. तसेच ‘किडे’ पुन्हा पाण्यात!

बी तडकले की आतला वळलेला कोंब बाहेर उडतो. तोच किड्यासारखा दिसतो. युरोपातही खुरासनी ओव्याच्या बियांनी असेच ‘किडे’ पाडत. तिकडच्या जॉन जेरार्ड या वनस्पतीच्या जाणकाराने १५९७ सालीच ती भोंदूंची लबाडी म्हणून लिहून ठेवली. आमचे आजोबा लबाड नव्हते. त्यांनी वडिलांचे पाहून केले, एवढेच.

धुरीने घटकाभर बरे वाटेलही, पण दाढेतला पू जात नाही. गाल सुजला, ताप आला किंवा तोंड उघडेनासे झाले, तर त्याच दिवशी महाडला दातांच्या डॉक्टरकडे जावे. तो गडी दुसऱ्या दिवशी एस.टी.ने गेला, दाढ काढून आला आणि चार दिवसांत कामाला लागला.

डोरली बांधावर जरूर राखा. दाढ मात्र तिच्यावर सोपवू नका.