पट्टीत न मावलेला खर्च

फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकला. भाव मिळाला किलोला एक रुपया. गाडीभाडे, हमाली, तोलाई वजा जाता शिल्लक राहिले दोन रुपये एकोणपन्नास पैसे. चेक आला दोन रुपयांचा, तोही पुढच्या तारखेचा!

ती हिशेबपट्टी वर्तमानपत्रांत गाजली. माझी उमेदीची वर्षे बँकेत गेली, म्हणून माझी नजर आधी रकान्यांवर गेली. गाडीवाल्याचे भाडे लिहिलेले, हमालाची मजुरी लिहिलेली (आणि ती मिळायलाच हवी, त्याने पाठीवर पोती वाहिली आहेत). पण कांदा लावणाऱ्या, खुरपणाऱ्या, काढणाऱ्या घरच्या माणसांची मजुरी कुठेच नाही.

केंद्राचा कृषिमूल्य आयोग हा हिशेब मांडतो. खिशातून गेलेला खर्च तो ए-२. त्यात घरच्यांची मजुरी मिळवली की ए-२ अधिक एफएल. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज धरले की सी-२. २०१८ च्या अर्थसंकल्पात दीडपट हमीभावाची घोषणा झाली, ती मधल्या खर्चावर. शेतकरी संघटना सी-२ मागतात. कांद्याला मात्र हमीभावच नाही.

मग भाव येईपर्यंत थांबावे, असे शहरात सहज म्हटले जाते. पण खरिपाचा लाल कांदा टिकत नाही. उन्हाळी कांदा चाळीत चार-पाच महिने राहतो, तर तिथे कर्जाची मुदत आडवी येते. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडले तर सात टक्क्यांचे व्याज चार टक्क्यांवर येते. ती सवलत हातची जाऊ नये म्हणून माल नेमका आवक तुंबलेली असताना बाजारात जातो. वसुलीच्या याद्या घेऊन मी गावोगाव हिंडलो आहे. त्या दिवसांत ओट्यावर बसलेला माणूस भावाची वाट पाहत नसतो, आमची पाहत असतो.

आणि थांबलेल्याच्या वाट्याला तरी काय येते? डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, ती मे २०२४ मध्ये उठली; निर्यातशुल्क एप्रिल २०२५ ला गेले. आपल्या स्वयंपाकघरातली कुरकुर दिल्लीला लवकर ऐकू येते.

आपल्यापैकी कितीकांचे भाऊबंद गावी शेती करतात. त्यांना एक वही घालायला सांगावी, खतऔषधांबरोबर घरच्यांचे रोजही लिहायला सांगावेत. किराणा दुकानदार दिवाळीला चोपडी पूजतो. शेतीच्या धंद्यात चोपडीच नसेल तर भाव मागायचा कशाच्या आधारावर?

माझ्या पुतण्याने यंदा वही घातली. पहिल्या पानावर त्याच्या आईचे नाव आहे. पुढे खुरपणीचे अकरा रोज, गावातल्या दराने. वहिनींना ते वाचून दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, "अकरा नाही रे, चौदा."